ब्रह्मपुरीचा पोसायडन कोठून आला?

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात कांस्याची एक मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. दाढी राखलेला, उघड्या अंगाचा एक पुरुष उभा आहे. त्याचा एक हात वर उचललेला आहे आणि त्या हातात एके काळी त्रिशूळ असावा. त्रिशूळ म्हटल्यावर आपल्याला शंकर आठवतो. पण ही मूर्ती शंकराची नाही. ग्रीक लोकांचा समुद्रदेव पोसायडन, ज्याला रोमन लोक नेपच्यून म्हणत, त्याची ही मूर्ती आहे. ती सापडली कोल्हापुरातच, पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकडीत. पंचगंगेचे जे पाणी इचलकरंजीच्या घाटाला लागते, ते आधी या टेकडीजवळून वाहत येते. समुद्र तेथून पुष्कळ दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. मग समुद्राचा हा परदेशी देव नदीकाठच्या टेकडीत काय करीत होता?

संग्रहालय पाहून आलेल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: "रोमन लोक कोल्हापुरात राहत होते." उत्तर ऐकायला छान आहे. पण ते जरा घाईचे आहे. "कोठून आला" हा प्रश्न दिसतो एक, पण त्याच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत. वस्तू घडवली कोठे? ती सापडली कोठे? आणि घडवल्याच्या जागेपासून सापडल्याच्या जागेपर्यंत ती आली कशी? यांपैकी एकाचे उत्तर मिळाले म्हणून उरलेल्या दोहोंचे आपोआप मिळत नाही. प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो.

हे तीन प्रश्न एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, हे समजण्यासाठी आपण आधी एका वेगळ्याच वस्तूकडे वळू. ती मूर्ती नाही, थडग्यावरचा लेख कोरलेला दगड आहे.

२०२५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहरात एका घराच्या परसातले रान साफ करताना संगमरवराची एक लादी मिळाली. तिच्यावर लॅटिन भाषेत ओळी कोरलेल्या होत्या. अमेरिकेत रोमन साम्राज्य कधीच नव्हते, तेव्हा परसात लॅटिन थडगे कसे? घरमालकांनी जाणकारांना छायाचित्रे पाठवली आणि मजकूर वाचला गेला. रोमन थडग्यांवर सुरुवातीला 'दिस मानिबुस' असे दोन शब्द येतात. मृतांच्या आत्म्यांना उद्देशून ते लिहिलेले असतात. येथेही ते होते. त्यांच्यापुढे मृताची माहिती होती. नाव सेक्स्टुस कोंगेनियुस वेरुस. मिसेनम येथील आरमारातील सैनिक. जातीने बेस्सी, म्हणजे थ्रेस प्रांतातला. हा भाग आजच्या बल्गेरियात येतो. 'अस्क्लेपियस' नावाच्या तीन रांगा वल्ह्यांच्या जहाजावर नोकरी. वय ४२, त्यांपैकी २२ वर्षे सैन्यात. दगड उभारणारे दोघे वारस, आतिलियुस कारुस आणि वेत्तियुस लोंगिनुस. लेख साधारण दुसऱ्या शतकातला.

इतक्या थोड्या ओळींत केवढी माहिती आहे पाहा. ४२ मधून २२ वजा केले की तो विसाव्या वर्षी भरती झाला, हे कळते. वारस म्हणून दोन जणांची नावे आहेत, पण त्यांतल्या एकाचेही कुलनाव मृताच्या कुलनावाशी जुळत नाही. तेव्हा ते मुलगे नसून जहाजावरचे सोबती असावेत, असा अंदाज बांधता येतो. थ्रेसच्या मुलाचे नाव मात्र पुरते रोमन आहे. आरमारात आल्यावर ते मिळाले असणार.

दगड स्वतःच्या मालकाविषयी इतके बोलला. पण तो न्यू ऑर्लिन्सला कसा आला, याबद्दल त्याच्यावर अक्षरही नव्हते, आणि असणार तरी कसे? ते उत्तर दुसऱ्याच पुराव्यातून आले. हा मजकूर विद्वानांनी एकोणिसाव्या शतकातच उतरवून ठेवला होता. दगड मुळात सापडला होता इटलीतील चिविताव्हेक्किया या बंदरात, १८६० नंतरच्या काही वर्षांत, आणि तो तेथील संग्रहालयात होता. दुसऱ्या महायुद्धात त्या शहरावर बॉम्ब पडले, संग्रहालय उद्ध्वस्त झाले आणि दगड हरवला. पुढची कडी वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर जुळली. युद्धकाळात इटलीत असलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या घरी ही लादी होती. त्याच्यामागे ती नातीकडे आली. तिला ती शोभेची वस्तू वाटली, म्हणून तिने ती बागेत ठेवली. पुढे घर विकले गेले आणि दगड तेथेच राहिला. नंतर तो इटलीला परत देण्यासाठी अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या ताब्यात देण्यात आला.

जन्म थ्रेसमध्ये, पलटण मिसेनमची, थडगे चिविताव्हेक्कियात आणि दगड सापडला अमेरिकेत! समजा, तो मजकूर कोणी उतरवून ठेवलाच नसता. वाचणाऱ्यांनी मिसेनम हे नाव पाहून दगड नेपल्सजवळून आला असे लिहिले असते. तर्क चुकीचा म्हणता आला नसता, पण उत्तर मात्र चुकले असते. हे ध्यानात ठेवून ब्रह्मपुरीला परत येऊ.

आपल्या पोसायडनवर एकही अक्षर नाही. गंमत अशी, की तो ज्यांच्या हाती लागला ते प्रा. के. जी. कुंदणगार हे अक्षरांचेच अभ्यासक होते. राजाराम महाविद्यालयात ते शिकवत. कोल्हापूर संस्थान व उत्तर कर्नाटकातील शिलालेखांचे त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले होते. १९४४-४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीत धातूच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. अभ्यासक त्याला आजही कुंदणगार साठा म्हणतात. त्यापाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्या टेकडीवर पद्धतशीर उत्खनन केले. हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी ते चालवले व त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. टेकडीच्या पोटात सातवाहन काळातील वस्ती निघाली, विटांची घरे निघाली, नाणी निघाली. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी येथे नांदते गाव होते.

साठ्यातल्या बहुतेक वस्तू भारतीय घडणीच्या आहेत. हत्ती आणि त्याच्यावर बसलेली माणसे असे एक सुरेख कांस्यशिल्प त्यांत आहे. मोजक्याच वस्तू परदेशी वाटतात. त्यांत आपला पोसायडन, कांस्याचा एक आरसा आणि मुठीची एक सुरई येते. आता लेख नसताना या वस्तूंचे जन्मस्थान कसे शोधायचे?

पहिला मार्ग रूपाचा. ही मूर्ती पोसायडनची आहे हे आपण रूपावरूनच ओळखले. अशा उभ्या पोसायडनचा नमुना इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक शिल्पकार लिसिप्पोस याच्या कामाशी जोडला जातो. मग आपली मूर्ती चौथ्या शतकातली का? नाही. प्रसिद्ध मूर्तींच्या लहान लहान प्रतिकृती पुढे कित्येक शतके रोमन साम्राज्यभर तयार होत होत्या. पेणच्या गणपतीचे उदाहरण घ्या. पेणचा साचा दुसऱ्या गावच्या कारखान्यात गेला, तर तेथला गणपतीही हुबेहूब पेणच्यासारखाच निघेल. रूपावरून नमुना कोणाचा हे कळते, कारखाना कोठला हे कळतेच असे नाही. म्हणून आपल्या पोसायडनच्या बाबतीत कोणी इटलीचे नाव घेतो, तर कोणी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे. अलेक्झांड्रिया हे तेव्हा ग्रीक कलेचे केंद्र होते आणि भारताचा व्यापार तेथूनच चाले, हे त्या मताचे बळ. पण बळ म्हणजे पुरावा नव्हे.

रूप किती फसवू शकते याचा एक ताजा दाखला आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचे प्राचीन बंदर होते. तेथे २०२२ मध्ये उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. बुद्ध म्हटल्यावर मूर्ती भारतातून गेली असेच कोणालाही वाटेल. पण दगडाची तपासणी सांगते की संगमरवर आजच्या तुर्कस्तानातला आहे, आणि मूर्ती बहुधा इजिप्तमध्येच घडवली गेली. देव भारताचा, दगड तुर्कस्तानचा, हात इजिप्तमधले.

दुसरा मार्ग घडणीचा. इचलकरंजी आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना फौंड्री काही नवी नाही. वाळूचा साचा, तापलेला रस, थंड झाल्यावर घासणे-तासणे हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जुने मूर्तिकार मेणाच्या पद्धतीने काम करीत. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेपण द्यायचे, माती भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. ही पद्धत भारतातही होती व भूमध्य समुद्राच्या काठीही होती, त्यामुळे मूर्तीच्या बाबतीत तिचा फारसा उपयोग नाही. भांड्यांचे तसे नाही. इटलीच्या काम्पानिया प्रांतात, म्हणजे नेपल्सच्या आसपास, कांस्यभांड्यांचे मोठे कारखाने होते. तेथले कारागीर भांड्याचा तळ चरकावर फिरवून त्यावर एकात एक वर्तुळाकार कडा काढीत. मूठ वेगळी ओतून मागाहून डाख देऊन जोडीत. अशा सवयी कारागिराच्या हस्ताक्षरासारख्या असतात.

आणि काम्पानियाची भांडी ओळखायला निसर्गाने एक मोठीच सोय करून ठेवली आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे शहर राखेखाली गाडले गेले. तेथल्या घरांतली भांडी जागच्या जागी राहिली. पॉम्पेईत सापडलेले प्रत्येक भांडे ७९ पूर्वीचे, यात शंका घेण्याचे कारण नाही. कोल्हापूरची सुरई तेथल्या सुरयांशी ताडून पाहता येते. रिचर्ड डी प्यूमा या अमेरिकन अभ्यासकाने ब्रह्मपुरीच्या या वस्तूंचा बारकाईने अभ्यास केला व तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आरसा आणि सुरई इटलीत घडल्या असे त्याने दाखवले. मिसेनमचे आरमार ज्या किनाऱ्यावर होते तोच हा काम्पानिया. आपला सेक्स्टुस अशाच सुरईतून द्राक्षरस ओतून घेत असेल.

पण सुरई इटलीची ठरली म्हणून तिच्या शेजारी सापडलेला पोसायडनही इटलीचाच, असे म्हणता येत नाही. बाजारातून आणलेल्या पिशवीतला एक आंबा रत्नागिरीचा निघाला, म्हणून सगळी पिशवी रत्नागिरीची होत नाही.

तिसरा मार्ग धातूचा, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हाच सर्वांत आकर्षक वाटेल. कांस्य म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. ओतायला सोपे जावे म्हणून त्यात पुष्कळदा शिसेही घालत. शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८. यांपैकी २०४ हे मुळापासून जेवढे होते तेवढेच आहे. बाकीच्या तिघांत मात्र भर पडत असते. युरेनियम-२३८ चा ऱ्हास होत होत शेवटी शिसे-२०६ उरते, युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ आणि थोरियम-२३२ पासून शिसे-२०८. प्रत्येक खाणीचा खडक निराळ्या वयाचा असतो आणि त्यात युरेनियम व थोरियम निराळ्या प्रमाणात असतात. त्यामुळे त्या त्या खाणीतल्या शिशात या चार समस्थानिकांचे प्रमाण थोडे थोडे वेगळे येते. धातू वितळवला, ओतला, ठोकला तरी हे प्रमाण बदलत नाही. खाणीचा शिक्काच म्हणा ना! मोहरीएवढ्या नमुन्यावरूनही वस्तुमान-वर्णपटमापक यंत्राने ते मोजता येते.

तर मग पोसायडनचे शिसे मोजले की प्रश्न सुटला? येथे दोन अडचणी आहेत. पहिली अडचण फौंड्रीतला कोणीही सांगेल: भंगार. जुनी भांडी, मोडके दिवे, तुटक्या मूर्ती एकाच मुशीत टाकून वितळवल्या, की चार खाणींचे शिसे एकत्र होते आणि मधलेच काहीतरी प्रमाण येते. ते एखाद्या पाचव्याच खाणीशी योगायोगाने जुळूही शकेल.

दुसरी अडचण अधिक मजेशीर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीवही लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. भडोचच्या बंदरात परदेशी जहाजांतून काय उतरते, याची यादी त्यात आहे. इटलीच्या मद्याला पसंती होती असे तो लिहितो. आणि त्याच यादीत तांबे, कथील व शिसे या तिन्ही धातूंची नावे आहेत! म्हणजे कांस्याला लागणारा सगळाच कच्चा माल समुद्रावरून भारतात येत होता. मग येथल्या एखाद्या ओतकाऱ्याने परदेशी धातूतून हत्ती ओतला, तर त्यातले शिसे भूमध्य समुद्राकाठच्या खाणीचे निघेल. धातूची तपासणी खाण सांगते; मूर्ती कोणत्या गावात ओतली गेली हे ती सांगत नाही.

एवढे सगळे पाहून पोसायडनविषयी काय म्हणता येते? मूर्ती ग्रीक-रोमन परंपरेत घडलेली आहे आणि समुद्रावरून आली आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद नाही. ती इटलीची की अलेक्झांड्रियाची, यावर एकमत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल, तर सुरई आणि आरसा यांची संगत पाहता पारडे इटलीकडे झुकते असे मला वाटते. पण ते झुकणेच आहे, निकाल नव्हे.

ती जमिनीत केव्हा गेली, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण त्याला एक भक्कम नियम लागू पडतो. साठ्यातील सर्वांत नवी वस्तू ज्या काळची, त्याच्या आधी साठा पुरला गेलेला असू शकत नाही. तुमच्या घरच्या पैशांच्या डब्यात १९७५ चे नाणे असले, आणि त्याच डब्यात रुपयाचे नवे चिन्ह असलेले नाणेही असले, तर तो डबा २०११ पूर्वी बंद झालेला नाही. कारण ते चिन्ह नाण्यांवर त्याच वर्षी आले. जुने नाणे किती जुने याला येथे महत्त्व नाही. तसेच सुरई पहिल्या शतकातली असली तरी साठा पहिल्या शतकातच पुरला असे ठरत नाही. चांगले कांस्यभांडे तीन-तीन पिढ्या वापरात राहते. आपल्याकडे पणजीचा तांब्या असतोच की.

आता तिसरा प्रश्न, मूर्ती आली कशी? तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे पावसाळी वाऱ्यांचा फायदा घेऊन भारताच्या पश्चिम किनाऱ्याला येत. 'पेरिप्लस'मध्ये भडोचनंतर कल्याण, चौल आणि मग दक्षिणेकडे कोकणातली कितीतरी लहान बंदरे येतात. त्यांतल्या काहींची आजची नावे कोणती यावर वाद आहेत. किनाऱ्यावरून माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर येई. आजही कोकणातून कोल्हापूरला यायचे तर आंबा, अणुस्कुरा किंवा फोंडा यांसारखा एखादा घाट चढावाच लागतो. कोल्हापूरच्या परिसरात तेव्हा कोण राज्य करीत होते, हे नाण्यांवरून कळते: धनुष्यबाणाचे चिन्ह आणि विळिवायकुर, सिवलकुर अशी नावे त्यांवर आहेत. इसवी सन १५० च्या सुमारास टॉलेमी या भूगोलकाराने 'हिप्पोकौरा' या राजधानीत 'बालेओकौरोस' नावाचा राजा असल्याचे नोंदवले. हा राजा म्हणजे आपला विळिवायकुर, आणि हिप्पोकौरा म्हणजे कोल्हापूर, असे काही विद्वान म्हणतात. राजाचे नाव जुळण्यासारखे आहे. गावाविषयी मात्र एकमत नाही.

जहाजातून वस्तू उतरली, की ती हातोहात पुढे जाते. बंदरावरच्या व्यापाऱ्याने घेतली, त्याने घाटमाथ्यावरच्या सावकाराला विकली, त्याच्याकडून ती ब्रह्मपुरीच्या घरात आली. या सगळ्या प्रवासात एकही रोमन माणूस घाट चढला नसला, तरी मूर्ती येऊ शकते. इचलकरंजीचे कापड कोठकोठल्या मुलखात जाते. पण त्या प्रत्येक गावात इचलकरंजीचा विणकर राहत नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्याच एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. नेपल्सच्या संग्रहालयात ती आहे. बहुधा ती एखाद्या आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. ती ७९ पूर्वी तेथे पोचली होती, हे राखेमुळे पक्के. पण निघाली कोठून? प्रथम मथुरेचे नाव घेतले गेले. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती मिळाल्या, आणि अनेकांची खात्री झाली की ही मूर्ती महाराष्ट्राचीच. आपल्याला ते आवडणारच! पण तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी चालायची भारताच्या वायव्य भागात, गांधाराकडे. अक्षर कारागिराने जोडणीची खूण म्हणून घातले असेल. मग तो कारागीर वायव्येकडून येऊन येथे काम करीत होता, की मूर्तीच तिकडची? एका अक्षराने प्रश्न सुटायच्या ऐवजी वाढला.

रोमन लोक येथे राहत होते का, याचे उत्तर शोधताना कार्ल्याच्या लेण्यांकडेही पाहिले पाहिजे. तेथल्या चैत्यगृहात काही खांबांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांतले कित्येक जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. हे यवन धेनुकाकट नावाच्या गावचे. त्यांची नावे मात्र भारतीय वळणाची आहेत, आणि देणगी बौद्ध संघाला. 'यवन' शब्द ग्रीकांसाठी, पश्चिमेकडून आलेल्या कोणासाठीही, आणि अशा लोकांच्या येथेच वाढलेल्या वंशजांसाठीही वापरला जाई. धेनुकाकट कोठे होते? डहाणूपासून आंध्रातील धरणीकोटपर्यंत अनेक जागा सुचवल्या गेल्या. दामोदर धर्मानंद कोसंबींनी तर ते कार्ल्याच्या जवळच असल्याचे मांडले. दगडावर गावाचे नाव स्वच्छ वाचता येते, आणि गाव सापडत नाही.

आपल्या भागात गावोगाव देवळाजवळ किंवा वेशीवर वीरगळ असतात. लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून उभारलेला तो दगड. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. सेक्स्टुसच्या लादीवर नाव, वय, नोकरी सगळे होते. बहुतेक वीरगळांवर यातले काहीच नसते. म्हणून वीरगळाच्या बाबतीत तो ज्या जागी उभा आहे ती जागा हाच मोठा पुरावा ठरतो. कोणत्या वाटेवर, कोणत्या शिवेवर, कोणत्या जुन्या गढीजवळ तो आहे, यावरून लढाई कशासाठी झाली असेल याचा अंदाज करता येतो. रस्ता रुंद करताना तो उचलून देवळाच्या आवारात नेऊन ठेवला, शेंदूर फासला, की दगड शाबूत राहतो आणि ती माहिती जाते. तुमच्या गावात असे दगड असतील, तर एका वहीत त्यांची जागा, दिशा, उंची व चौकटींतली चित्रे लिहून ठेवा आणि पूर्वी दगड दुसरीकडे होता का हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. सेक्स्टुसच्या दगडाचा मजकूर कोणीतरी वहीत उतरवला होता म्हणूनच दीडशे वर्षांनी त्याचे घर सापडले. शेतात किंवा विहीर खणताना नाणी-भांडी मिळाली, तर ती घासू-धुऊ नका. मातीच्या लेपातही माहिती असते. आणि १८७८ च्या कायद्याप्रमाणे असा साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे घरच्या मोठ्यांनाही सांगा.

हे तीन प्रश्न वर्गात अजमावून पाहण्यासाठी उत्खनन करण्याची गरज नाही. प्रत्येकाने घरातून जुनीनवी दहा नाणी आणावीत. नाण्यावरच्या वर्षाखाली एक बारीक खूण असते. चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. घडवले कोठे हे असे कळेल. सापडले इचलकरंजीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग ते येथवर कोणत्या वाटेने आले, हे नाण्यावरून सांगता येते का पाहा. सगळ्या वर्गाची नाणी एकत्र करून टांकसाळीनुसार मोजा, आणि सर्वांत नव्या नाण्याचे वर्ष फळ्यावर लिहा. बिनखुणेची नाणी मात्र जपून मोजा. झिजलेल्या नाण्यावरची खूण पुसली गेली आहे की ती मुळातच नव्हती, हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय त्याला कोलकात्याच्या रकान्यात टाकू नका.